दारातून ऐकलेली मॅच

संघात तिला सगळे बारकी म्हणत. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते पासपोर्टवर आणि शर्टाच्या पाठीवरच राहिलं. निवासी शिबिरात ती पहिल्यांदा आली तेव्हा हातातली हॉकी स्टिकच तिच्यापेक्षा मोठी दिसत होती. जेवण वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ही बारकी कुठून आणलीत?" ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती उंच काही झाली नाही, पण वेगवान झाली. इतकी वेगवान की वयाच्या विसाव्या वर्षी देशाच्या संघात तिच्या वाट्याला सगळ्यांत वाईट काम आलं.

हॉकीत पेनल्टी कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्यांवर आलेलं बालंटच. गोलात फक्त पाचजणी, आणि समोर विरोधी संघ दात विचकून उभा. त्यांच्यातली सगळ्यांत दणकट मुलगी चेंडू दगडासारखा हाणणार, आणि या पाचांतल्या एकीने गोलातून सुटून थेट तिच्या अंगावर धावत जायचं. चेंडू काठीला लागला तर शाबासकी, पायाला लागला तर बर्फ. ते काम बारकीचं. तिची आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवरून मान वर न करता ती शेजारणींना सांगे, "लोकांच्या मुली परदेशात शिकायला जातात, आमची मार खायला जाते." यात अर्धी थट्टा असे आणि अर्धी काळजी. थोडा अभिमानही असे, पण तो ती कुणाला दाखवत नसे.

त्या स्पर्धेतल्या दुसऱ्याच सामन्यात ते झालं. पेनल्टी कॉर्नर होता. बारकी सुटली, धावली, चेंडू तिच्या काठीला लागून उडाला आणि परत गोलाकडेच आला. तिने तोंडावरचा संरक्षक मुखवटा ओरबाडून फेकला आणि मागे वळून चेंडूवर झेप घेतली. त्याच क्षणी गोलरक्षक मुलगीही झेपावली. तिला सगळ्या भिंत म्हणत, कारण ती होतीच तशी, आडवी आणि भक्कम. भिंतीच्या पायाला बांधलेलं जाड पॅड बारकीच्या कानशिलावर आपटलं.

बारकी उठली. हसली. "काही नाही, काही नाही," असं तिने पंचांनाही सांगितलं. फिजिओताई धावत आल्या आणि त्यांनी विचारलं, "स्कोअर काय आहे?" बारकीने ठामपणे उत्तर दिलं. ते मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी सामन्याचं होतं. मग ती बाकावर जाऊन बसली आणि स्वतःच्या बुटांवर ओकली.

डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसल्याचं निदान केलं. तपासणीत आतल्या बाजूला एक बारीकशी सावली दिसत होती, ती नाहीशी झाल्याचं दिसेपर्यंत विमान नाही, बसचे धक्के नाहीत, मैदान तर नाहीच नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. टीव्ही, फोन, वाचन काही नाही. आवाजसुद्धा शक्यतो नको.

संघाचे पुढचे सामने दुसऱ्या शहरात होते. प्रशिक्षक मॅडम संध्याकाळी खोलीत आल्या आणि तिच्या पायाशी बसल्या. मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण खोटंही कधी बोलत नसत.

"उद्या सकाळी आम्ही निघतोय. तुला इथंच राहायचंय."

"तिथे डॉक्टर नाहीत का, मॅडम?"

"आहेत. पण प्रवास नको म्हणालेत."

"आणि माझ्या जागी?"

"नवी आहे ना."

नवी म्हणजे राखीव म्हणून आणलेली मुलगी. एकोणीस वर्षांची. अजून एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेली. सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवायची आणि कुणी हाक मारली की दचकायची.

"धावेल ती?" बारकीने विचारलं.

"धावायलाच लागेल," मॅडम म्हणाल्या. उठताना त्यांनी तिच्या पायावर नुसता हात ठेवला.

त्या गेल्यावर भिंत आली आणि रडायलाच लागली. "मी तुला मारलं गं."

"चेंडू अडला ना?"

"अडला."

"मग झालं तर. नाक पूस."

सकाळी जाग आली तेव्हा पॅसेजमधून बॅगांच्या चाकांची खडखड ऐकू येत होती. कुणीतरी गाणं म्हणत होतं. मग कुणीतरी "श्श, बारकी झोपलीय" म्हटलं आणि एकदम सगळं शांत झालं. सगळ्याजणी बॅगा हातात उचलून, चवड्यांवर चालत तिच्या दारावरून गेल्या. एकीनेही दार वाजवलं नाही. त्यांनी ते तिच्याच भल्यासाठी केलं, हे तिला कळत होतं. पण ती जागी होती. खाली बसचं दार फुस्स करून मिटलं आणि बस निघून गेली.

आता तिच्यासोबत कोण थांबणार, हा प्रश्न सुटायला आदल्या रात्री फार वेळ लागला नव्हता. फिजिओताई हव्यात, व्यवस्थापक हवेत, प्रत्येकजण कशाला ना कशाला हवा. ज्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही असा संघात एकच माणूस होता. कागदोपत्री ते सहायक व्यवस्थापक. खरं म्हणजे संघटनेच्या अध्यक्षांचे मेहुणे. मुली त्यांना आपसांत मेहुणेच म्हणत. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले. बसमध्ये पहिल्या सीटवर बसून घोरत आणि कुठल्याही शहरात उतरलं की आधी चहा कुठे मिळतो त्याची चौकशी करत. असून अडचण, नसून खोळंबा. हॉकीतलं त्यांना एवढंच कळे की खेळ संपला की टाळ्या वाजवायच्या.

पहिल्या दिवशी ते दारात येऊन खाकरले.

"येऊ का?"

"या सर."

ते आत आले नाहीत. दार अर्धं उघडं ठेवून त्यांनी पॅसेजमधली खुर्ची उंबऱ्याशी ओढून घेतली आणि तिथेच बसले. मुलीच्या खोलीत एकट्याने बसणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटत असावं. मधूनमधून खोल्या झाडणाऱ्या बाईला ते खुणा करून आत पाठवत. ती बाई बारकीच्या कपाळाला हात लावून बघे, स्वतःच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोले आणि उशी बदलून जाई.

"काही लागलं तर सांग," मेहुणे म्हणाले. "मी इथेच आहे. नाहीतरी मला दुसरं काय काम आहे?"

बारकीने पलीकडे तोंड केलं. दुष्काळात तेरावा महिना, ती मनात म्हणाली.

पडून राहणं तिला येतच नव्हतं. शिबिरात गेल्यापासून ती कधी एकटी राहिली नव्हती. उठायचं शिट्टीवर आणि झोपायचंही शिट्टीवर. खोलीत चार खाटा, बाथरूमबाहेर रांग, जेवायला लांबच लांब बाकं. घरची आठवण आली तर रडायलासुद्धा एकांत मिळत नसे, मग रडणंच राहून जाई. देशासाठी खेळायला लागल्यावर नातेवाईक विचारत, काय काय पाहिलंस गं? ती सांगे, खूप पाहिलं. खरं तर तिने पाहिलं होतं ते विमानतळ, बस, हॉटेलची लॉबी, मैदान आणि बर्फाच्या बादल्या. बर्फ सगळ्या देशांत सारखाच गार असतो, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं.

आता प्रथमच ती एका परक्या गावात एकटी होती, आणि पडदे मिटलेले होते. बाहेरून आवाज येत. कुणीतरी रोज एका ठराविक वेळी लोखंडी शटर वर ढकले. शाळेत जाणारी मुलं भांडत जात. एक बाई कुत्र्याला रागावे. या सगळ्यांचं रोजचं आयुष्य चाललं होतं, आणि त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या देशाची एक खेळाडू पडून आहे. खेळाडू तरी कशाची, तिला वाटे. मैदानाबाहेर काढली की पाण्याबाहेरच्या मासोळीत आणि माझ्यात फरक काय?

डॉक्टरांनी घरी थोडा वेळ बोलायची परवानगी दिली तेव्हा मेहुण्यांनी फोन लावून तिच्या उशीवर ठेवला आणि ते पॅसेजच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"कशी आहेस?" आईने विचारलं. मशीनचा आवाज थांबला होता, म्हणजे आई खरोखर ऐकत होती.

"बरी आहे. डोकं जरा जड आहे."

"जेवतेस ना?"

"हो."

"परवा टीव्हीवर सगळ्या दिसल्या. तू नव्हतीस. पलीकडच्या काकू विचारत होत्या, काढलं का हिला?"

"आई, मला लागलंय. सांगितलं होतं ना मॅडमनी तुला."

"सांगितलं गं. मी काकूंनाही तेच सांगितलं." मग आवाज खाली आणून आई म्हणाली, "तसं काही नाही ना? काही चुकलं नाही ना तुझं?"

"नाही आई."

"मग झालं. चुकलं असलं तरी सांग हो. घर आहे."

घर आहे, एवढंच आई म्हणाली. बारकीच्या चुकीसाठीसुद्धा तिथे जागा तयार होती आणि तिने काही चूकच केलेली नव्हती. हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. तिने "ठेवते" म्हटलं.

बाद फेरीच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी मेहुण्यांनी स्वतःहूनच विचारलं, "आपली मॅच आहे ना आता? तुला बघायची परवानगी नाही, पण मी बघून सांगू का? ऐकायला तर काही हरकत नसेल. हळू सांगतो."

बारकीला हसू आलं. "तुम्हाला कळेल का सर?"

"दिसतं ते सांगेन. कळायचं काय त्यात?"

तर अशी ती मॅच सुरू झाली. ती अंधारात डोळे मिटून पडलेली आणि ते उंबऱ्यात फोन डोळ्यांशी धरून बसलेले. आधी राष्ट्रगीत लागलं, अगदी बारीक आवाजात. लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेहुणे उभे राहिले होते. रिकाम्या पॅसेजमध्ये, एका हातात फोन आणि दुसरा हात पँटच्या शिवणीला लावून. बारकी उठली. खोली तिच्याभोवती एक गिरकी घेऊन थांबली. भिंतीला हात टेकून तीही उभी राहिली. मैदानावर त्या सगळ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहत, आणि शेजारणीचा श्वास आपल्या दंडाला लागे. आता तिच्या हाताला गार भिंत लागत होती. राष्ट्रगीत संपलं, तशी ती हळूच खाली बसली.

"हां," मेहुणे म्हणाले. "आपल्या तांबड्या. त्या पांढऱ्या. चेंडू आपल्याकडे... नाही, गेला. परत आला. ती जाड मुलगी मोठमोठ्याने ओरडतेय."

"ती भिंत. ती ओरडतेच. पुढे?"

"पुढे ती वेणीवाली पळतेय. पडली. उठली. आता सगळ्या एका बाजूला जमल्यात. काय झालं कोण जाणे. आपल्यातल्या पाचजणी गोलात जाऊन उभ्या राहिल्या."

बारकीच्या तळपायांत काहीतरी सळसळलं. "कॉर्नर आहे. कोण धावतंय बघा. पहिली कोण सुटते?"

"थांब. हाणला. अगं! एक पोरगी बाणासारखी गेली आणि सरळ हाणणारीच्या तोंडावर जाऊन आडवी पडली. चेंडू गेला लांब." मेहुणे रंगात आले होते. "काय धावते गं ही! कोण आहे? मी हिला आधी कशी पाहिली नाही? बसमध्ये पाणी देते तीच का ही? वा. हिच्यासारखी दुसरी नाही हो संघात."

आतून काही उत्तर आलं नाही. मेहुणे बोलत राहिले, मग थोडे अडखळले. बारकीने कूस बदलली होती आणि चादर कानापर्यंत ओढली होती.

"झोपलीस का?"

"नाही. सांगा तुम्ही."

आपण जिंकलो. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हळू, दोन बोटांनी.

पुढच्या सामन्याला, म्हणजे उपांत्य फेरीला, ते पुन्हा खुर्ची घेऊन बसले. या वेळी त्यांच्या सांगण्याचा सूर जरा वेगळा होता. "कॉर्नर," ते म्हणाले. त्यांना आता तो ओळखता येऊ लागला होता. "ती नवी सुटली. छे. उशीर झाला तिला. भलतीकडेच गेली."

"मग?"

"अडवला जाड मुलीने. पण ही नवी काही खरी नाही. घाबरलेली दिसते."

थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, नवी पडली. मग सांगितलं, मॅडम तिच्यावर ओरडतायत. आणि प्रत्येक वेळी बारकीच्या छातीतला एक पिळा जरासा सैल होत गेला. सुरुवातीला तिच्या लक्षात आलं नाही. मग त्या पांढऱ्यांनी, नव्हे या वेळी पिवळ्यांनी, गोल केला आणि मेहुणे म्हणाले, "गेला. नवीच्या बाजूनेच गेला." तेव्हा तिला स्पष्ट कळलं. तिला बरं वाटलं होतं. तिच्या देशावर गोल झाला होता, तिची भिंत जमिनीवर आडवी पडली असेल, आणि इथे अंधारात तिला, फोडाचा पू वाहून जावा तसं, मोकळं वाटलं होतं.

ती थिजून गेली. आपण या थराला कधी आलो? इतकी वर्षं आपण संघासाठी, देशासाठी म्हणतो, ते पोटात एक आणि ओठात एक असंच होतं की काय? हे कुणाला सांगायचं? आईला? भिंतीला? या जगात असं एकही माणूस नव्हतं की जे हे ऐकून तिच्याकडे पूर्वीसारखं बघेल. दरवाज्याबाहेरचा आवाज चालू राहिला, पण त्यातलं तिला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. आपण एका गोलाने हरलो.

संध्याकाळी भिंतीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"हरलो गं."

"कळलं."

"पण नवी काय खेळली. तुला सांगू? चार कॉर्नर तिने एकटीने अंगावर घेतले. गुडघा सुजलाय एवढा. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिलाच बक्षीस दिलं, हरलेल्या संघातून. मॅडम कधी कुणाला जवळ घेत नाहीत, आज तिला घेतलं."

"आणि गोल?"

"तो माझ्यामुळे झाला. पायांमधून गेला. त्या वेळी नवी मैदानावर नव्हतीसुद्धा, बाहेर गुडघ्याला पट्टी बांधत होती."

"चांगलं झालं," बारकी म्हणाली. "म्हणजे, नवीचं चांगलं झालं."

रात्रभर तिच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला आणि सकाळी मेहुणे चहा घेऊन दारात खाकरले तेव्हा तिने तो विचारला.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. काय ते विचारण्याचं नाटकही केलं नाही. "आदल्या मॅचला मी त्या पोरीचं कौतुक केलं, तेव्हा तू गप्प झालीस. मग मला वाटलं, एवढं कशाला? माझं काय जातं?"

"पण मॅच वेगळीच झाली."

"झाली असेल. मला तरी कुठे कळते?" मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ती पडली म्हणालो की तुला बरं वाटत होतं. तुझा श्वास मला इथे ऐकू येत होता."

बारकीचा चेहरा कानांपर्यंत तापला. कुणालाही सांगता येणार नाही असं जे होतं, ते या माणसाला न सांगताच ठाऊक होतं. चहाच्या शोधात गावभर हिंडणाऱ्या, बसमध्ये घोरणाऱ्या या माणसाला. तिला वाटलं आता ते उपदेश करतील. नाहीतर हसतील.

"मीही असाच आहे," ते म्हणाले. "आमचे दाजी साहेब. त्यांच्यामुळे मी इथे आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. मला कुणी कुठे नेत नाही गं. पाठवतात. दाजींचं काही बिनसलं की मला तोंडदेखलं वाईट वाटतं, आणि आतून..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. "चहा गार होतोय."

तिने चहा घेतला. त्या दिवसापासून ती त्यांना काका म्हणायला लागली, पण ते जवळ आल्यासारखं नव्हतं. उलट त्यांच्यासमोर तिला थोडं उघडं पडल्यासारखं वाटे, आणि त्यांनाही तसंच वाटत असावं. दोघं कमी बोलू लागले. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला ते खुर्ची घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "दिसेल तेच सांगा, काका."

"दिसेल तेच सांगतो."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. नवी सुटली. अडवला. नवी सुटली. हुकला, बाहेर गेला. नवीला लागलं, उठली. बारकी उताणी पडून ऐकत राहिली. प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचलं आणि ते तिने टोचू दिलं. आपण जिंकलो. तिसरे आलो. फोनमधून मुलींचा कल्लोळ बारीक, टाचणीएवढा ऐकू आला. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "झालं," म्हणाले आणि फोन बंद केला.

डॉक्टरांनी सोडलं तोपर्यंत संघ घरी जाऊन, हारतुरे होऊन, मुली आपापल्या गावीही पांगल्या होत्या. विमानतळावर बारकी आणि काका उतरले तेव्हा तिला न्यायला तिचा मोठा भाऊ आला होता. तो पंक्चर काढायचं दुकान वेळेआधी बंद करून धावत आला होता आणि त्याच्या नखांत अजून काळं होतं. काकांना न्यायला कुणी आलं नव्हतं. ते टॅक्सीच्या रांगेत उभे राहिले. निघताना त्यांनी "जप डोक्याला" म्हटलं आणि वळले. पुढच्या वर्षी संघटनेची निवडणूक झाली, साहेब पडले, आणि साहेबांबरोबर मेहुणेही गेले. दौऱ्यावर त्यांची जागा कुणी घेतली नाही. जागा अशी नव्हतीच.

बारकीला पूर्ण बरं व्हायला चार महिने लागले. शिबिरात परतली त्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने सही घेऊन तिचं पदक एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिच्या हाती दिलं. मुलींनी तिला उचलून घेतलं, भिंतीने तर गुदमरवलंच. जेवताना त्या स्पर्धेच्या गोष्टी निघाल्या. कोणाची बस चुकली, कोणाचा बूट फाटला, उपांत्य सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये मॅडम काय म्हणाल्या. सगळ्या हसत होत्या आणि सगळ्यांबरोबर बारकीही, अर्ध्या क्षणाने मागे. तिथे होतं कोण, हे हसण्यावरून ओळखू येतं.

मॅडमनी तिला संघात घेतलं. पण कॉर्नरला पहिली धाव नवीकडेच राहिली, आणि बारकी गोलाच्या खांबाशी उभी राहू लागली. तक्रार करण्याजोगं काही नव्हतं. नवी खरोखरच चांगली धावत होती.

एके दिवशी सराव संपल्यावर दोघीच पायऱ्यांवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. नवी एकदम म्हणाली, "ताई, तुला एक विचारू? तू ती उपांत्य मॅच पाहिलीस का?"

"नाही. ऐकली."

"एवढी मोठी मॅच माझी पहिलीच होती." नवी नाडीच्या गाठीशी झटत राहिली. "तेव्हा कुणी माझ्याशी बोलायचंच नाही. वाईट नाही वागल्या, पण जेवताना तुझी खुर्ची रिकामी ठेवायच्या. मी बसायला गेले तर भिंतताई म्हणाली, ती बारकीची. मग मी पलीकडे बसायची."

बारकीला हे ठाऊक नव्हतं. तिकडे आपली खुर्ची रिकामी होती, आणि इकडे आपण समजत होतो की बस गेली ती गेली. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की लगेच लाज वाटली. मग तिला वाटलं, निदान हिला तरी खरं सांगावं.

"मी अंधारात पडून ऐकत होते," ती म्हणाली. "आणि तू पडावीस असं मला वाटत होतं. पडलीस असं ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं."

नवीचे हात थांबले. ती मैदानाकडे बघत राहिली. तिथे माळी पाण्याची नळी गुंडाळत होता. बारकी वाट बघत राहिली. काहीही चाललं असतं, राग, शिवी, रडणं. नवीने बूट काढले, काठी उचलली आणि अनवाणीच खोल्यांकडे चालत गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस दोघींचं बोलणं मैदानापुरतं राहिलं. माझा. तुझा. मागे बघ. भिंतीने एकदा विचारलं, "तुमचं काही झालंय का?" बारकी म्हणाली, "काही नाही." तिला सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. जे एकटीचं होतं ते आता दोघींचं झालं, एवढंच, आणि दोघी वेगवेगळ्या टोकांना ते धरून बसल्या.

पुढचा परदेश दौरा थंडीत होता. खोल्यांची वाटणी व्यवस्थापकांनी डोळे मिटून केली असावी. हॉटेलच्या लॉबीत त्यांनी नावं वाचली आणि एकाच चावीसाठी बारकी आणि नवी दोघींनी हात पुढे केला.

खोली अरुंद होती. दोन खाटा, एक खिडकी, एक दिवा. नवीने आपली बॅग खिडकीकडच्या खाटेवर टाकली, थोडा वेळ उभी राहिली, मग बॅग उचलून दाराकडच्या खाटेवर ठेवली.

"तू घे ती," ती म्हणाली. "मला उजेड नसला तरी चालतं."

"मलाही चालतं आता."

"घे तरी."

बारकीने खिडकीशी जाऊन पडदा सरकवला. खाली एक रस्ता होता, ओला, आणि एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. तिने त्याच्याकडे कुलूप लागेपर्यंत बघितलं. मागे नवी बॅगेची चेन उघडत होती, आणि उद्या सकाळी किती वाजता उठायचं ते विचारत होती.